व्हॉल्व्ह स्प्रिंग घरी बदलायच्या आहेत, स्प्रिंग दाबायचा कोणता कंप्रेसर घेऊ? (मारुती ८००, बडोदा)

अकोटा_कट्टा | रविवार, रात्री ९.१४

नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री आमच्या पार्किंगमध्ये शिरली आणि गाडी दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात होती. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे तो विषय तिथेच मिटला. एक शहाणपण मात्र घडलं, कुणीही चावी फिरवली नाही. प्लग काढून पाणी उपसलं, ऑइल दोनदा बदललं. मग बाबांचं ऑपरेशन निघालं आणि गाडी आठ-नऊ महिने तशीच उभी राहिली.

आता ती चालू होते, पण आयडलला लंगडते आणि वरून टकटक येते. काल व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तर सहाही स्प्रिंगांवर तांबडं. दोन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्ट स्प्रिंगवर तर नखाला लागतील असे खड्डे पडलेत. तारेच्या ब्रशने घासावं का, असाही विचार आला, पण मन धजावलं नाही.

स्प्रिंग मिळतायत. प्रश्न हत्याराचा आहे. बाजारात मला तीन प्रकार दिसले. एक मोठा सी-क्लॅम्प, एक दोन पंजांचा स्क्रूवाला, आणि एक नुसती नळी, जिच्यावर हातोडी मारायची. तिन्हींबद्दल दुकानदाराचं उत्तर एकच, "साहेब, आ बधामां चाले", म्हणजे सगळ्यांत चालतं. हेड उतरवायची इच्छा नाही. बजेट दोन हजारांच्या आत. जागा म्हणजे पार्किंग आणि आईच्या शिवणयंत्राचं टेबल. काय घेऊ?

मुकाट_वाचक | रविवार, रात्री ९.३१

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही एक पूरग्रस्त उभी आहे.

हडपसर_एक्सप्रेस | रविवार, रात्री ९.५०

राग मानू नका, पण गॅरेजवाल्याला द्या ना. त्याचं रोजचं काम आहे. हत्यार घ्यायचं, शिकायचं, बोट चेपून घ्यायचं, आणि शेवटी त्याच्याकडेच जायचं.

अकोटा_कट्टा | रविवार, रात्री ९.५८

दोन ठिकाणी विचारलं. एकाने इंजिन बदला म्हटलं, दुसऱ्याने गाडी भंगारात द्या म्हटलं. तिसऱ्याला विचारायची हिंमत नाही. शिवाय बाबा आता दिवसभर घरी असतात. खुर्ची टाकून बसतात आणि मी काय करतोय ते बघतात. त्यांचा वेळ चांगला जातो, माझं मात्र ब्लडप्रेशर वाढतं.

लष्करवाला | रविवार, रात्री १०.२०

हेड न उतरवता काम होतं. मी ग्वाल्हेरला पद्मिनीवर केलंय, स्प्रिंगसाठी नाही, व्हॉल्व्ह सीलसाठी. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर यायचा.

अडचण एकच. स्प्रिंग दाबून लॉक (व्हॉल्व्हच्या दांडीच्या खाचेत बसणारे दोन चिमुकले तुकडे) काढले की व्हॉल्व्हला धरणारं काही उरत नाही, तो सुळकन सिलिंडरमध्ये जातो. त्याला खालून आधार हवा. त्याचे दोन मार्ग. एक, प्लगच्या भोकातून एअर कंप्रेसरची हवा. दोन, दोरी. मी दोरीवाला. कपडे वाळत घालायची मऊ नायलॉनची दोरी घ्यायची, करंगळीपेक्षा थोडी बारीक, टोकाला गाठ मारलेली. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर अर्धा खाली असताना प्लगच्या भोकातून हात-दीड हात दोरी कोंबायची, दुसरं टोक बाहेर ठेवायचं. मग क्रँक पान्याने हळूहळू फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा व्हॉल्व्हच्या तोंडावर घट्ट बसतो आणि क्रँक अडतो. तेवढंच हवं. आता वरून लिव्हर दाबा, व्हॉल्व्ह हलत नाही.

पद्मिनीत रॉकर काढल्यावर त्यांचे स्टड मोकळे उभे असतात. एका स्टडवर नट चढवून त्याखाली लिव्हर अडकवला, पुढच्या टोकाला खिडकी पाडलेला पाइप. हत्याराला एक पैसा लागला नाही. सुंभ नको, त्याचे तंतू सुटून आत राहतात.

फ्रीमॉन्टचे_भाऊ | रविवार, रात्री १०.४१

हवेचा मार्ग मी वापरलाय. जुना प्लग फोडून आतली चिनी माती काढायची, लोखंडी भागात हवेचं निपल ब्रेझ करायचं. ८० ते १०० पीएसआय पुरते. पण पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, नेमका हवा, नाहीतर हवा पिस्टनला ढकलते आणि क्रँक गर्रकन फिरतो. पान्याचा दांडा क्रँकच्या नटावर राहिला असेल तर मनगट गेलंच. गाडी टॉप गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आणि मध्येच लाइट गेली तर हवा उतरते आणि व्हॉल्व्ह खाली येतो. इथे अमेरिकेत लाइट जात नाही, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?

अवांतर: इथे स्पेअर पार्टची दुकानं असली हत्यारं अनामत घेऊन उसनी देतात. काम झालं की परत करा, पैसे परत घ्या.

लष्करवाला | रविवार, रात्री १०.४४

म्हणूनच दोरी. दोरीला लाइट लागत नाही.

टूलरूम_आप्पा | सोमवार, पहाटे ५.५०

रात्री वाचलं, झोप लागली नाही. मी कलाभवनचा, सयाजीरावांनी १८९० साली काढलेली तंत्रशिक्षणाची संस्था, तीच. नंतर मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) बत्तीस वर्षं टूलरूम. गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण स्प्रिंग आणि क्लॅम्प यांत आयुष्य गेलं.

आधी ब्रशचं. घासू नका. इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तेव्हा कॅम २००० वर असतो. म्हणजे एक स्प्रिंग मिनिटाला दोन हजार वेळा दबते, सेकंदाला तेहतीस. अशी तार तुटते ती नेहमी वरच्या कातडीपासून. म्हणून कारखान्यात स्प्रिंगवर छर्र्यांचा मारा करतात, कातडी आतून दाबलेली राहावी यासाठी. गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे तड जायला केलेली खूण. ब्रश तांबडं काढतो, खड्डा काढत नाही, उलट नवे ओरखडे देतो. सहाच्या सहा बदला.

आता हत्यार. तुम्ही प्रश्न उलटा विचारलात. कोणतं घेऊ, याच्या आधी हेड उतरणार की नाही ते ठरवा, आणि ते तुमच्या इच्छेवर नाही. इंजिनात पाणी होतं. स्प्रिंग इतकी गंजली तर सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, काय झालं असेल? पाणी शिरलं तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा असणारच, तिथली सीट आणि व्हॉल्व्हची कड आठ महिने ओली राहिली. तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, मग बोलू. गेज विकत घेऊ नका, कुणाकडून आणा.

स्वातीनक्षत्र | सोमवार, सकाळी ८.१२

आप्पा, +१. माझ्या जुन्या बुलेटवर मी हाच गाढवपणा केला होता. आधी कारचा सी-क्लॅम्प आणला आणि मग कळलं की त्याचा दाबणारा कप माझ्या रिटेनरवर (स्प्रिंगच्या डोक्यावरची वाटी) बसतच नाही. बाइकवाल्यांनी वेगळा लहान क्लॅम्प घ्यावा, कारच्या किटबरोबर 'बाइक अडॅप्टर' म्हणून जे येतं त्यावर विसंबू नये.

जुगाडू_जोशी | सोमवार, सकाळी ९.०५

माझ्या चेतकला असले काहीच प्रश्न येत नाहीत.

स्वातीनक्षत्र | सोमवार, सकाळी ९.०७

जुन्या टू स्ट्रोक चेतकला व्हॉल्व्ह, स्प्रिंग, कॅम यांतलं काहीच नाही. येतील कुठून.

अकोटा_कट्टा | सोमवार, रात्री ८.३०

आप्पा, मोजलं. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. एक नंबर १६५, तीन नंबर १६०, दोन नंबर ९५ पीएसआय. दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं तर ९८. बाबा म्हणाले, "रिंग ठीक आहे, व्हॉल्व्ह गेला." ते बँकेत होते, त्यांना हे कुठून माहीत ते माहीत नाही.

टूलरूम_आप्पा | सोमवार, रात्री ८.५२

बाबांना नमस्कार सांगा. बरोबर आहे. रिंग झिजली असती तर ऑइलने फट भरून आकडा चांगला वर आला असता. तो आला नाही, म्हणजे गळती वर आहे. हेड उतरणार. दोरी, हवा, लिव्हर, दोन पंजे, सगळं बाद. सी-क्लॅम्प.

लष्करवाला | सोमवार, रात्री ९.००

सहमत. वाईट वाटलं, पण सहमत. दोरी जपून ठेवा.

जुगाडू_जोशी | सोमवार, रात्री ९.१५

सी-क्लॅम्प तरी कशाला? हेड बाकावर आलं की व्हॉल्व्हच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा द्यायचा, रिटेनरवर मोठा सॉकेट ठेवायचा, वरून एक हातोडी. दोन्ही लॉक उडून सॉकेटमध्ये. मी तीन हेडं अशीच खोललीत. बाजारात ती नळी मिळते ती हेच करते, आत चुंबक असतो इतकंच.

टूलरूम_आप्पा | सोमवार, रात्री ९.४०

काढताना होईल. घालताना काय कराल?

जुगाडू_जोशी | सोमवार, रात्री ९.४४

घालताना सुताराचा जी-क्लॅम्प, सॉकेटला खिडकी पाडून.

टूलरूम_आप्पा | सोमवार, रात्री १०.३५

जोशीबुवा, तुमचा हात बसलेला आहे, तुमचं निभलं. हा मुलगा पहिल्यांदा करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इतरांनाही उपयोगी पडेल.

सुताराच्या क्लॅम्पचा स्क्रू सॉकेटवर गोल फिरत दाबतो, त्याबरोबर सॉकेट सरकतो. स्प्रिंग तिरकी दबते आणि व्हॉल्व्हच्या दांडीवर बाजूने जोर येतो. ती दांडी पेन्सिलीहून बारीक. वाकली तर डोळ्याला दिसणार नाही, पण नवी सीट महिन्यात गळायला लागेल. व्हॉल्व्हच्या क्लॅम्पमध्ये हेच टाळलेलं असतं. एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मध्यावर, दुसरं रिटेनरवर, आणि दोन्ही एका रेषेत. विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी बघा.

क्लॅम्प मोकळा असताना स्क्रू पूर्ण आत घ्या. टोक कपाच्या मध्यावर येतं का? दोन-तीन मिलिमीटर बाजूला जात असेल तर ठेवून द्या. स्वस्त क्लॅम्पात चौकट ओतीव नसते, पट्टी वाकवलेली असते, ती जोर पडला की उघडते आणि रेष बिघडते. मध्ये लाकडाचा तुकडा धरून आवळा आणि बाजूने बघा, चौकट फाकतेय का.

दुसरं, घशाची खोली. हेडच्या कडेपासून आतल्या व्हॉल्व्हपर्यंत क्लॅम्पची पाठ पोचली पाहिजे. पुठ्ठा कापून माप न्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

तिसरं, आणि नव्वद टक्के लोक इथेच फसतात, तो कप. कपाचा बाहेरचा व्यास रिटेनरपेक्षा किंचित लहान हवा, नाहीतर तो हेडच्या भिंतीला घासतो किंवा रिटेनर सोडून स्प्रिंगवर बसतो. आतला व्यास लॉकच्या भोकापेक्षा चांगला मोठा हवा, नाहीतर लॉक बाहेर यायला जागा नाही. आणि कपाला खिडकी हवी, दोन बोटं नाही तर निदान चिमटा आत जाईल एवढी. आजकालच्या ज्या हेडात टॅपेट थेट व्हॉल्व्हवर बसतो तिथे स्प्रिंग खोल विहिरीत असते, तिथे लांब आणि पातळ कपाशिवाय गत्यंतर नाही. तुमच्या हेडात रॉकर आहेत, ते काढले की वरून बरीच मोकळी जागा मिळते.

वर्नियर खिशात घालून दुकानात जा.

मुकाट_वाचक | सोमवार, रात्री १०.५०

वाखूसा (वाचनखूण साठवली). आप्पा, वेगळा धागा काढा कधीतरी.

अकोटा_कट्टा | शनिवार, संध्याकाळी ६.२०

अपडेट. टायमिंग बेल्टच्या खुणांवर पांढरा रंग लावला, फोटो काढले. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, बाहेरून आत, तीन फेऱ्यांत सैल केले. हेड आईच्या टेबलावर आहे, त्यावरून घरात एक स्वतंत्र धागा सुरू आहे.

क्लॅम्प आणला. चौकट ओतीव, रेष बरोबर, घसा पुरतो. पण आप्पांची भीती खरी ठरली, किटमधले तिन्ही कप रिटेनरपेक्षा मोठे. दुकानदार परत "चाले" म्हणाला. वर्नियर दाखवल्यावर गप्प बसला. आता?

टूलरूम_आप्पा | शनिवार, संध्याकाळी ७.०२

क्लॅम्प ठेवा, कप मी करतो. रिटेनरचं माप कळवा, बाहेरचं आणि भोकाचं. मकरपुऱ्यात अजून एका लेथवर माझा शब्द चालतो. जाड भिंतीचा पाइप, खाली अर्ध्या मिलिमीटरची पायरी, म्हणजे तो रिटेनरच्या कडेवरून घसरणार नाही. एक तृतीयांश घेर कापून खिडकी. वीस मिनिटांचं काम.

अकोटा_कट्टा | रविवार, रात्री ८.१५

कप घेऊन आलो, आप्पांकडे चहाही झाला. आता कामाचं सांगतो.

पहिल्या व्हॉल्व्हवर क्लॅम्प पूर्ण आवळला तरी रिटेनर हलेना. आवळत राहिलो असतो तर काहीतरी तुटलं असतं. आप्पांना फोन केला. ते म्हणाले, क्लॅम्प सोड, रिटेनरवर सॉकेट ठेव आणि प्लास्टिकच्या हातोडीने एक टिचकी मार. टक् आवाज झाला, लॉकांनी पकड सोडली. त्यानंतर क्लॅम्प लोण्यासारखा चालला. जोशीबुवा, तुमची हातोडी कामी आली.

डोळ्यावर चष्मा, हेडवर जुना टॉवेल, ऑइलच्या भोकांत चिंध्या. लॉक काढायला चुंबकाची पेन्सिल. व्हॉल्व्ह बाहेर ओढण्याआधी दांडीच्या टोकाला आलेली धार कानसीने मोडली, नाहीतर ती गाइडला ओरखडत जाते. लीलो चेवड्याच्या पुठ्ठ्याच्या डब्याला सहा भोकं पाडून व्हॉल्व्ह क्रमाने लावले. बाबांनी प्रत्येकाखाली पेनाने नंबर घातले, बँकेच्या खातेवहीत घालावेत तसे.

दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: कडेवर नखाएवढा काळा खड्डा. तो लॅपिंगने (पेस्ट लावून घासून) जाणार नाही, नवा घेतला. सीट थोडी ग्राइंड करून घेतली, ते काम बाहेर दिलं. बाकी पाच घरी पेस्ट लावून घासले. रॉकेल ओतून पाहिलं, एक थेंब उतरला नाही.

स्वातीनक्षत्र | रविवार, रात्री ८.४०

सील बदलले ना? स्प्रिंग काढल्यावर जुनं सील परत ठेवणाऱ्यांना मी ओळख देत नाही.

अकोटा_कट्टा | रविवार, रात्री ८.४३

बदलले. सील घालून झाल्यावर व्हॉल्व्ह आत सरकवताना लॉकच्या खाचांवर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, सीलची कड फाटू नये म्हणून.

टूलरूम_आप्पा | रविवार, रात्री ९.१०

नव्या स्प्रिंग घालण्याआधी दोन गोष्टी. काचेवर उभी करून गुण्या लावा, वरचं टोक गुण्यापासून लांब जात असेल तर ती दुकानात परत द्या. आणि वेटोळी बघा, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असतील. दाट बाजू खाली, हेडकडे. उलटी बसवली तर जास्त वजन हलत्या बाजूला जातं.

कुणाकडे उभं ड्रिलिंग मशीन असेल तर त्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवा, वर स्प्रिंग, आणि सगळ्या एकाच उंचीपर्यंत दाबा. आकडा काय येतो याला महत्त्व नाही, सहाही सारख्या येतात का याला आहे.

अकोटा_कट्टा | रविवार, रात्री ११.५५

ड्रिलिंग मशीन नाही, आणि माझा क्लॅम्प व आईचा काटा जमेना, म्हणून तो प्रयोग सोडून दिला. गुण्या लावला, सहाही सरळ.

लॉक घालताना दांडीला ग्रीस लावून त्यात चिकटवले, मग क्लॅम्प हळू सोडला. प्रत्येकावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन टिचक्या. पाच व्हॉल्व्ह झाले. सहाव्याला एक लॉक कमी. सहा व्हॉल्व्हचे बारा असायला हवेत, माझ्याकडे अकरा. दोन तास शोधतोय. टॉवेल झटकला, चिंध्या उलगडल्या, टेबलाखाली बॅटरी मारली.

लष्करवाला | सोमवार, रात्री १२.०४

मिळाल्याशिवाय किंवा ऑइलची भोकं हवेने उडवून खात्री केल्याशिवाय हेड चढवू नका. ब्लॉकच्या तोंडावर कापड होतं ना?

अकोटा_कट्टा | सोमवार, सकाळी ७.१०

मिळाला. आई रोज टाचण्या गोळा करते त्या चुंबकाच्या खाली चिकटला होता. तिने चहाबरोबर बशीत आणून दिला, काही बोलली नाही. टेबल आजच रिकामं करतोय.

अकोटा_कट्टा | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.३०

हेड चढलं, बोल्ट मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या टप्प्यांनी आवळले. बेल्टच्या खुणा जुळवल्या, दोन फेऱ्या हाताने फिरवून परत तपासल्या, टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर लावला. तिसऱ्या क्रँकला चालू झाली. दोन नंबर आता १६०. टकटक गेली. बाबांना सुरसागरला एक चक्कर मारून आणलं. पुढच्या सीटखालचा चिखलाचा वास मात्र अजून तसाच आहे, त्यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा.

क्लॅम्प आणि आप्पांचा कप माझ्याकडे आहेत. बडोद्यात कुणाला लागला तर घेऊन जा, अनामत नको, फक्त लॉक मोजून परत द्या.

मुकाट_वाचक | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.३४

क्लॅम्पसाठी रुमाल. मी कारेलीबागेत राहतो, शनिवारी येऊ का?